चौसाळ्याच्या बाजारात शेजारची पथारी

मैत्रिणींनो, बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली तर डुलकी काढू नका. पालीजवळ बिंदुसरेचं धरण दिसतं. पाऊस झाला असेल तर भरलेलं, नाहीतर भेगाळलेलं. तिथून गाडी कण्हत-कुंथत मांजरसुंब्याचा घाट चढते आणि आपण बालाघाटाच्या पठारावर येतो. मांजरसुंब्याला रस्ते फुटतात. एक पाटोद्याकडे जातो, एक केज-अंबाजोगाईकडे. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला जाणारी मंडळी इथंच पिशव्या सावरत उतरतात. आपण मात्र बसून राहायचं. थोड्याच वेळात कंडक्टर ओरडतो, "चौसाळा, चौसाळा!"

सहलीला म्हणून चौसाळ्याला आलेलं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही. रस्ता आता चौपदरी झालाय, गाड्या भुर्रकन निघून जातात. बीड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं हे गाव. आणखी पुढं मांजरा ओलांडली की धाराशिव जिल्हा लागतो. पण आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांना चौसाळा म्हणजे मोठी पेठ. बी-बियाणं, कापड, लोखंडी घमेली, लग्नाचा बस्ता, दाताचा डॉक्टर, सगळं इथंच. आणि आठवडी बाजार तर काही विचारू नका!

आमच्या मामेसासूबाई तिथं राहतात. मी त्यांना मामीच म्हणते. दर उन्हाळ्यात आठ-दहा दिवस मुलांना घेऊन मी तिकडं जाते. कारण हवापालटाचं सांगते, खरं कारण मामींच्या हातच्या शेवया. मामी आणि गल्लीतल्या चौघीजणी मिळून बचत गट चालवतात आणि उन्हाळाभर वाळवणं करून बाजारात विकतात. कुरडया, पापड, सांडगे असतातच. पण गटाचं नाव झालंय ते पाटावरच्या शेवयांनी. तुमच्यापैकी ज्यांनी त्या केल्यात त्यांना सांगायला नको. गहू ओलवायचा, सुकवून दळायचा, वस्त्रगाळ सपीट काढायचं, मिठाच्या पाण्यात घट्ट भिजवून दमेपर्यंत तिंबायचं. मग पाट तिरका लावून त्यावर तळहातानं घासत तार ओढायची, आणि दुसरीनं ती खाली अलगद झेलायची. दिवसभर दोघी राबल्या तरी ढीग काही डोंगराएवढा होत नाही. तळहात मात्र लाल होतात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. बाजाराच्या आदल्या रात्री मामींचा गुडघा धरला. बाकीच्या चौघींपैकी एकीकडे लग्न, दुसरीकडं सुतक. तेव्हा मामी म्हणाल्या, "तू बस की दुपारपर्यंत. मास्तरीण आहेस, हिशेबाला चुकायची नाहीस." मी खुशीत बसले. अर्धवेळ का होईना, पोरांना शिकवते. चार गिऱ्हाइकांशी बोलायला काय जातंय, असं मला वाटलं.

सकाळी सातला गोणपाट अंथरलं, वर स्वच्छ धोतर पसरलं, पिशव्या मांडल्या, काटा ठेवला. डाव्या हाताला बांगड्यांचं दुकान, उजव्या हाताला एक पन्नाशीच्या आसपासची बाई. तिच्यापुढंही शेवयाच! पण मशीनच्या. सारख्या लांबीच्या, दोऱ्यात बांधलेल्या, ऐटीत रचलेल्या. आमच्या २४० रुपये किलो आणि तिच्या १६०. माझ्या पोटात जरा कालवलंच.

बाई बोलकी होती. अर्ध्या तासात तिची सगळी हकिकत मला कळली. पंचवीस वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होती. दसरा-दिवाळीनंतर बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टरमधून कारखान्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला परत. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही आपल्या बीडकडची मोजणी तुम्हाला ठाऊकच आहे. मोळ्या वाहून वाहून कंबर गेली, तेव्हा मुलगा आणि सून जायला लागली आणि हिनं कर्ज काढून विजेवरचं शेवयाचं मशीन घेतलं. लोकांचं पीठही ती मजुरीवर करून देते. नातवंडं तिच्याचपाशी. "आता हप्ता निगाला म्हंजी झालं," असं म्हणून ती हसली.

माझी भवानी झाली ती तिच्याच मदतीनं. पहिल्याच गिऱ्हाइकानं पाचशेची नोट काढली आणि माझ्यापाशी सुट्टे नव्हते. तिनं कमरेच्या पिशवीतून काढून दिले. नऊच्या सुमारास मला जरा जाऊन यायचं होतं. बायकांना बाजारात ही केवढी पंचाईत असते ते मी सांगायला नको. तर तीच म्हणाली, "जावा ताई, मी बगते." मी परत आले तोवर तिनं आमच्या दोन पिशव्या विकून पैसे धोतराखाली नीट ठेवले होते. आमच्या भावानं, हे विशेष. स्वतःच्या शेवया पुढं केल्या असत्या तर मला कुठं कळणार होतं?

आणि मग अकराच्या सुमारास ते गिऱ्हाईक आलं.

मुलीचं लग्न ठरलेल्या बाई होत्या, बरोबर जाऊ. पाच-सहा किलो शेवया हव्या होत्या. आधी शेजारी उभ्या राहून भाव विचारून आल्या, मग माझ्यापुढं आल्या. पिशवी उचलून उन्हात धरली आणि म्हणाल्या, "तिकडं तर १६० नं देतायत. तुमच्याच कशाला घ्याव्यात मग?"

वाचकहो, हा प्रश्न आपण सगळ्याजणी विचारतो. साडीच्या दुकानात विचारतो, भांड्याच्या दुकानात विचारतो, भाजीवालीला तर रोज. त्यात गैर काहीच नाही. पण तो ऐकणाऱ्याच्या मनात काय उलथापालथ होते, ते मला त्या दिवशी पथारीच्या पलीकडच्या बाजूला बसल्यावर समजलं. सहा किलोची मागणी पुढ्यात उभी होती. गटाच्या पाचजणींची मेहनत डोळ्यांपुढं आली. आणि जिभेवर सगळ्यात आधी जे आलं ते मी बोलून गेले, "स्वस्त का आहेत ते विचारलंत का? मैदा घातला की परवडतं."

खरं सांगते, मला काहीही माहीत नव्हतं. मी तिचं पीठ पाहिलं नव्हतं, गहू पाहिला नव्हता. वाक्यातही मी "आहे" म्हटलं नव्हतं, नुसतं "घातला की" म्हटलं होतं. पण गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं. त्या बाई तडक शेजारी गेल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "यात मैदा हाय म्हनं?"

तिच्यापुढं तेव्हा आणखी दोघी उभ्या होत्या. एकीनं हातातली जुडी खाली ठेवली. दुसरी नुसतीच निघून गेली. शेजारणीनं विचारलं, "कोन म्हनलं?" बाईंनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "घरी या, गहू दावते." पण बाजारात आलेलं माणूस गहू बघायला घरी कशाला जातंय? त्या बाई तिच्याही शेवया न घेता पुढं गेल्या आणि माझ्याही न घेता. माझे कान तापले होते. तिचे पाचशेचे सुट्टे अजून माझ्या डब्यात होते.

दुपारी मामी लंगडत भाकरी घेऊन आल्या. मी सगळं सांगितलं. लपवणार कसं? बांगडीवाली ऐकत होती. मामी मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, तिचा गहू आपल्याच गिरणीत येतो दळायला. माझ्यानंतर तिचा नंबर असतो. मैदा कुठला त्यात?" मग भाकरीचा चतकोर आणि ठेचा पानावर घालून शेजारी देऊन आल्या. तिनं घेतला. माझ्याकडं पाहिलं नाही.

नशिबानं तीनच्या सुमारास त्याच बाई पुन्हा आल्या. बाजारभर फिरून दुसरीकडं काही मनासारखं मिळालं नसावं. त्यांनी मामींनाही तोच प्रश्न विचारला. मामी म्हणाल्या, "पंगतीला खीर करायची ना? मग त्यांच्याच घ्या. एकसारख्या आहेत, मोठ्या पातेल्यात एका वेळी शिजतात, आणि पैसेही वाचतील. मैदा-बिदा काही नाही, माझी खात्री. रुखवतात मांडायला आणि जावयाला पहिल्या सणाला वाढायला अर्धा किलो आमच्या न्या. त्या तारेला तार लागत नाही, तोंडात वेगळीच लागते." बाईंनी पाच किलो तिकडून घेतल्या, अर्धा किलो आमच्याकडून.

संध्याकाळी हिशेब झाला तेव्हा गटातली एकजण चांगलीच फणकारली. "पाच किलोचं गिऱ्हाईक हातानं शेजारी लोटलं! आपण काय धर्मादाय काढलाय का?" तिला ते आजतागायत पटलेलं नाही. आणि मैत्रिणींनो, तिचंही अगदीच चूक आहे असं मला म्हणवत नाही. हात तिचेही लाल झालेले असतात.

बीडला परत आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. तेव्हा ग्राहकांच्या कायद्याची पुस्तिका घेऊन बसले. ग्राहक चळवळीचा आपल्या महाराष्ट्राला केवढा वारसा आहे बघा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. पुढं १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबर हा ग्राहक दिन आपण त्याचाच पाळतो. त्या कायद्यात भेसळ, खोटी वजनं, फसव्या जाहिराती यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली होती, ती म्हणजे खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देऊन दुसऱ्याच्या मालाची, सेवेची किंवा धंद्याची नालस्ती करणं. जुना कायदा जाऊन २०१९ चा नवा आला, २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. त्यातही हे कलम आहेच. मी वाचलं आणि पुस्तिका मिटली. पथारीवरच्या बाईवर कोणी खटला भरायला येत नाही हे खरं, पण मी जे केलं त्याला कायद्यात नाव आहे!

मोठ्या कंपन्या मात्र यावरून खरोखरच कोर्टात जातात. तुमच्या-माझ्या मोरीतल्या निळीवरून गेल्या. नव्वदच्या दशकात 'उजाला'च्या एका जाहिरातीवर 'रॉबिन'वाल्या कंपनीनं कलकत्त्याच्या हायकोर्टात दाद मागितली. जाहिरातीत रॉबिनचं नाव घेतलेलं नव्हतं. पण बाटली आणि किंमत अशी दाखवली होती की बघणारीला बरोबर कळावं. त्या खटल्यात कोर्टानं जे सांगितलं ते पुढच्या कितीतरी खटल्यांत वकील मंडळी पुन्हा पुन्हा काढतात. आपला माल जगात सर्वांत चांगला असं विक्रेत्यानं खुशाल म्हणावं, ते खरं नसलं तरी चालेल. दुसऱ्याच्या मालाशी तुलनाही करावी. पण तुलना करता करता दुसऱ्याचा माल वाईट आहे असं म्हणता येणार नाही. मी हे मामींना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी कलकत्त्याला कशाला गेले?"

नाव न घेता बोलण्याची कला तर आपल्याकडं जुनीच. आमच्या आईच्या पिढीला 'सर्फ'च्या ललिताजी आठवत असतील. कविता चौधरींनी ती भूमिका केली होती. स्वस्त 'निरमा'नं बाजार काबीज केला होता, त्याला उत्तर म्हणून ऐंशीच्या दशकात ती जाहिरात आली. भाजी घेताना स्वस्त आणि चांगलं यातला फरक सांगणारी, पदर खोचलेली, ठाम बाई. निरमाचं नाव एकदाही नाही! बारकाईनं पाहिलं तर तीही स्वस्त मालाबद्दल शंकाच पेरत होती. पण ती आपला हिशेब मांडत होती; दुसऱ्याच्या डब्यात अमुक भेसळ आहे असं म्हणत नव्हती. माझ्या आणि ललिताजींच्या वाक्यात फरक आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही. आणि महाराष्ट्रभर दिसणारी ती पाटी, "आमची कोठेही शाखा नाही". सरमकुंडी फाट्यावर पेढ्यासाठी थांबलात की दुकानांच्या पाट्या वाचत बसा, वेळ छान जातो. कोण जुनं, कोण अस्सल, कोण मूळ! तिथला कुंथलगिरीचा खवा-पेढा आहेच तसा. पण 'अस्सल आम्हीच' याचा अर्थ शेजारचे कोण, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

याच्या उलट एक बाई मला दसऱ्याच्या सुमारास घाटात भेटली. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही वाचलं असेल. तिच्या टोपलीत डोंगरातली, लहान, काळसर डोळ्यांची फळं होती. मी मुद्दामच विचारलं, "आणि ते गोल्डन कसं असतं हो?" बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी तयार केलेला 'एनएमके-१ गोल्डन' वाण आता सगळीकडं दिसतो, फळ मोठं, बिया कमी. ती म्हणाली, "ते बी चांगलंय की. टिकतं, पाहुण्याला न्यायला बरं. आज खायचं आसंल तर हे घ्या." मी एका डझनाऐवजी दोन घेतली. तिनं दुसऱ्याला चांगलं म्हटल्यामुळं तिचं स्वतःबद्दलचं बोलणं मला खरं वाटलं. विकण्याची ही युक्ती आहे म्हणावं, तर तिला ती कोणी शिकवलेली नव्हती.

हे सगळं तुम्हाला इतक्या विस्तारानं का सांगतेय? कारण आपल्यापैकी किती तरी जणी आता घरबसल्या काही ना काही विकतात. कोणी साड्या आणते, कोणी मसाले करते, कोणी विम्याचं काम करते. मी दुपारी चार मुलांची शिकवणी घेते, ते तरी काय वेगळं? पालक येतात आणि विचारतात, "कोपऱ्यावरच्या क्लासपेक्षा तुमच्याकडं काय जास्त आहे?" पूर्वी मी म्हणायची, "तिथं एका खोलीत साठ पोरं कोंबतात." मी कधी मोजली होती? आता सांगते की माझ्याकडं दहाच मुलं बसतात, गणिताच्या वह्या मी रोज तपासते, स्पर्धा परीक्षेची तयारी मला जमत नाही, त्यासाठी तिकडंच घाला. यंदा दोघीजणी ते ऐकून तिकडं गेल्या. गेल्या तर गेल्या! अर्थात फी बुडाली तेव्हा आमच्या ह्यांनी भुवई उंचावलीच.

आणि गिऱ्हाईक म्हणून बोलायचं तर आपणही जरा प्रश्न बदलून बघावा. "त्यांच्यापेक्षा तुमचं का घ्यावं?" असं विचारलं की समोरच्याला शेजाऱ्याबद्दल बोलणं भाग पडतं. त्याऐवजी "गहू कुठला? कधी केल्या? खिरीला घ्यायच्या की उपम्याला?" असं विचारावं. उत्तरं त्याच्याच मालाची मिळतात आणि ती पडताळून बघता येतात. एखादा दुकानदार न विचारता दुसऱ्याच्या दुकानाचे दोष सांगायला लागला, तर मी हल्ली शांतपणे म्हणते, "ते राहू द्या, तुमचं दाखवा." सोनाराच्या दुकानात, फ्रीजच्या दुकानात, दोन्हीकडं हे चाललं. खरोखरच कोणी भेसळ करत असेल आणि पुरावा असेल तर ती गोष्ट वेगळी. ती तक्रार अन्न आणि औषध प्रशासनाकडं करायची. गिऱ्हाइकाच्या कानात नाही.

तर चौसाळ्याचं सांगत होते. मी पुढच्या बाजारापर्यंत मुद्दाम थांबले. सकाळी पथारी मांडताना शेजारणीला तिचे सुट्टे परत दिले आणि म्हटलं, "मावशी, त्या दिवशी चुकलं माझं. मला माहीत नव्हतं आणि मी बोलले." तिनं पैसे मोजून पिशवीत टाकले. म्हणाली, "आसू द्या." बोलायला बोलली, पण नेहमीच्या बोलक्या बाईचं ते बोलणं नव्हतं. दहाच्या सुमारास ती पाणी आणायला उठली. माझ्या पथारीवरून, माझ्या अगदी समोरून पलीकडं गेली आणि बांगडीवालीला म्हणाली, "जरा बगती का माझ्याकडं?"

निघताना मामींनी माझ्या हातात तीनशे वीस रुपये ठेवले. "दोन किलो तिच्या घेऊन ये. भाव करू नकोस." मी घेऊन आले. बीडला आल्यावर रविवारी त्या तुपावर परतल्या, दुधात शिजवल्या, वर वेलदोडा घातला. मुलांनी दोनदा मागून घेतल्या. तार न् तार मोकळी होती. मैदा नव्हता.